एकवीसशे

माझं जन्माचं वजन मला माहीत नाही, याचा सिस्टरना फार राग होता.

पहिल्यांदा त्यांनी ते विचारलं तेव्हा मी भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या नळावर बादली भरत होतो. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतली एक ठेंगणी बाई समोर येऊन उभी राहिली आणि ओळखदेख नसताना म्हणाली, "जन्मलास तेव्हा किती वजन होतं रे तुझं?" मी म्हणालो, ठाऊक नाही, गावाला घरीच झालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात पापलेट पाहावं तसं, आणि आकडा स्वतःच ठरवून टाकला. "चोवीसशे ग्रॅम. त्याच्यावर नाही. चाळिशीनंतर साखर बघत जा."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. बेचाळिसाव्या वर्षी मला साखर निघाली. आमच्या ऑफिसात त्या वयात ती बऱ्याच जणांना निघाली, त्यामुळे याचं श्रेय सिस्टरना द्यावं की नाही, मला ठरवता येत नाही. पण रिपोर्ट हातात घेऊन जिना उतरताना मला पहिली आठवण आली ती त्या पांढऱ्या बुटांची.

त्या आमच्या भागातल्या एका प्रसूतिगृहात नर्स होत्या. माहीमच्या जुन्या ख्रिश्चन वस्तीतल्या. लग्न केलेलं नव्हतं. ड्यूटी संपली की घरी जायचं सोडून चाळीचाळींतून फिरायच्या. त्यांच्या पांढऱ्या कोटाला दोन मोठे खिसे होते. डाव्या खिशात उकडलेली अंडी, उजव्यात शेंगदाण्याचे लाडू. समोरची गरोदर बाई अंडं खाणाऱ्या घरातली असली तर हात डाव्या खिशात जायचा, नसली तर उजव्या. खाऊन होईपर्यंत त्या हलायच्या नाहीत. "नंतर खाते सिस्टर" हे वाक्य त्यांना अजिबात चालत नसे. "नंतर म्हणजे सासऱ्याच्या पोटात," असं म्हणायच्या.

माणसांना त्या जन्माच्या वजनानं हाक मारायच्या. कोर्टाच्या दारावरचा आडदांड हवालदार 'बत्तीसशे' होता. तिसऱ्या मजल्यावरची जुळी 'अठराशे' आणि 'सोळाशे' होती. आज ती दोघं सहा सहा फुटांची आहेत आणि अजून एकमेकांना त्याच नावानं बोलावतात. स्वतःबद्दल त्या सांगायच्या, "मी सव्वीसशे. म्हणून तर अशी काटक."

त्यांचं सगळं वेड एका गोष्टीभोवती फिरायचं. आई दिवसांत असताना जे खाते ते पोराच्या लहानपणी नाही, चाळिशी-पन्नाशीत दिसतं, असं त्या भेटेल त्याला सांगत. भाजीवाल्याला, पोस्टमनला, एकदा तर एका अंत्ययात्रेत खांदा द्यायला थांबलेल्या माणसांना. "पोर आतूनच अंदाज घेतं," त्या म्हणायच्या. "आईला पुरेसं मिळत नाही म्हणजे बाहेर दुष्काळ असणार. मग शरीर तसंच बांधतं, चिकट, थोडक्यात भागवणारं. आणि बाहेर येऊन बघतं तर काय, कोपऱ्या-कोपऱ्यावर वडापाव. मग साखर चढते, बीपी चढतं, आणि सगळे म्हणतात, अरे, याला कसं काय झालं?" शेवटी एक वाक्य ठरलेलं असे: "पोटातलं पोर दार वाजवून मागत नाही बाबा."

रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्या कुणाच्याही घरी उगवायच्या. दारातच तांदळाचा डबा पुढे ओढून त्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "आधी तिचं ताट." आमच्याकडे तेव्हा बायका शेवटी जेवत. पुरुष, मग मुलं, मग सासू, आणि तळाशी उरलेलं सुनेला. सिस्टर डब्यावर बसलेल्या असल्या की घरातले पुरुष भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून, आपल्या गरोदर बायकोला जेवताना बघत बसायचे. तिला घास गिळवत नसे आणि त्यांना भूक आवरत नसे. माझ्या आईचा त्यांच्यावर भारी दात होता. हिला ना नवरा ना पोर, हिला काय कळतंय, असं ती एकदा त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "खरंय मावशी. माझं नाही म्हणून तर तुमच्याकडे बघायला वेळ आहे."

आता जे लिहायला बसलो आहे ते.

माझ्या बायकोचं पोट दोनदा पडलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर मी चाळीमागच्या शंकराच्या देवळात जाऊन नवस बोललो. हलका नवस देव ऐकत नाही असं आई म्हणायची, म्हणून मी जड बोललो. या खेपेला मूल राहू दे, दिवस भरेपर्यंत ही एकवेळ जेवेल. ही, म्हणजे बायको. नवस माझ्या तोंडचा आणि पोट तिचं, यात काही विचित्र आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. तिच्याही आलं नसावं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "चहा चालेल ना?"

मूल राहिलं. दिवसभरात चहा, एखादं केळं, आणि दिवेलागणीनंतर जेवण, असं सुरू झालं. सिस्टर संध्याकाळी यायच्या तेव्हा ती पोटभर जेवताना त्यांना दिसायची. त्यामुळे त्या आमच्यावर खूश होत्या. चौथ्या महिन्यात शेजारणीकडून त्यांना खरं कळलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा त्या जिन्यातच उभ्या होत्या.

"नवस कोण बोललं?"

"मी."

"आणि जेवण कुणाचं बंद?"

मी वर आमच्या दाराकडे बघितलं.

"आमच्या ईस्टरच्या आधीच्या उपासातसुद्धा दिवस गेलेल्या बाईला माफी असते. तुझा शंकर आमच्या फादरपेक्षा कडक आहे का? जा, पुजाऱ्याला विचारून ये. मी इथेच थांबते."

मी गेलो. पुजारी बेलाची पानं धूत होता. त्यानं वरही न बघता सांगितलं, बोललात तुम्ही तर फेडा तुम्ही, कुणीतरी एकवेळ जेवलं म्हणजे झालं. मी परत येऊन सिस्टरना तसं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि डाव्या खिशातलं एक अंडं मला दिलं. "हे शेवटचं दिवसा खाणं तुझं," म्हणाल्या.

घरात आल्यावर मी आईला सांगितलं की नवस आता माझ्याकडे. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बदल हो. आधी दोनदा काय झालं ते आठव आणि मग बदल."

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, "राहू दे. पाचच महिने उरलेत."

ते तिनं स्वतःहून म्हटलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर मी तिच्या तोंडून ते यायचीच वाट पाहत होतो. मलाही भीती वाटत होती. उपास मोडला आणि पुन्हा काही झालं तर? जेवली म्हणून मूल गेलं, असं आयुष्यभर वाटत राहील. उपाशी राहिली म्हणून काही होईल, असं मात्र आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही. सिस्टर सोडल्या तर उपाशी राहून वाईट झाल्याचं आम्ही कधी कुणाकडून ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हो, ती दुपारी जेवते आता." बायकोलाही मी तसंच सांगायला लावलं. ती खाली बघून म्हणाली, "जेवते सिस्टर."

मात्र मीही एकवेळच जेवू लागलो. का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. गिरगावातल्या ऑफिसात डबा उघडला की ती घरी केळं सोलत असेल असं डोळ्यांसमोर यायचं आणि घास खाली उतरत नसे. मग मी डबा न्यायचंच बंद केलं. महिन्याभरात माझी कॉलर सैल झाली. सिस्टरनी एके संध्याकाळी माझ्या गळ्याशी दोन बोटं घालून बघितली, ती आरामात आत गेली. "खरंच करतोस की रे तू," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यानंतर त्यांनी आमच्याकडे यायचं कमी केलं. आमच्यासारख्या शहाण्या घरात वेळ घालवण्यापेक्षा त्यांना दुसरीकडे काम होतं. माझं खोटं माझ्या बारीक होण्यानं खरं करून दाखवलं होतं.

मुलगी पूर्ण दिवसांची झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. सिस्टर त्या दिवशी ड्यूटीवर होत्या. त्यांनी तिचं तीनदा वजन केलं. काटा बिघडला असेल म्हणून वरच्या मजल्यावरून दुसरा काटा आणवला. मग बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या.

"तू सगळं केलंस," त्या म्हणाल्या. "मग माझं कुठे चुकलं?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "देवाची इच्छा, सिस्टर."

त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. प्रत्येक पोराचं वजन आणि त्याच्या आईनं नऊ महिने काय खाल्लं ते त्या त्यात लिहीत. सरकारी नव्हे, स्वतःची. आमच्या मुलीच्या पानावर त्यांनी लाल पेन्सिलीनं मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मला त्यांनी ते दाखवलं, माझं सांत्वन व्हावं म्हणून.

पुढची वर्षं माझ्यासाठी अवघड होती, कारण सिस्टरनी मला आदर्श नवरा करून टाकलं. एकदा त्या लालबागला मसाला कांडायच्या डंकावर काम करणाऱ्या एका जवान माणसाला घेऊन आल्या. त्याची बायको चौथ्या महिन्यात होती आणि घरातले तिला कमी जेवायला सांगत होते, पोर मोठं झालं तर अडेल म्हणून. तो दारात उभा राहिला तशी खोलीभर मिरचीचा वास पसरला.

"दादा, खरंच तुम्ही उपाशी राहिलात? वहिनींच्या जागी?"

"राहिलो," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

"आणि वहिनी जेवायच्या दुपारी?"

"जेवायची."

आत बायकोनं नळ एकदम मोठा सोडला. ती भांडी घासत नव्हती. नुसतंच पाणी पडत होतं. त्या माणसानं घरी जाऊन आईशी भांडण केलं, बायकोला चार वेळा खायला घातलं, आणि त्यांना तीन किलोचा मुलगा झाला. तो पेढे घेऊन आला तेव्हा माझ्या पाया पडला.

दुसरीकडे, ज्या बायकांना लहानखुरी पोरं व्हायची त्यांच्या उशाशी बसून सिस्टर आमचीच गोष्ट सांगत. भोईवाड्यातल्या एकीनं सगळं नीट खाल्लं, नवऱ्यानं तिच्यासाठी उपास केले, तरी एकवीसशे. तेव्हा बाय, स्वतःला बोल लावू नकोस. रडणाऱ्या बायका त्यावर गप्प व्हायच्या असं मी ऐकलं आहे. एकाच खोट्यानं इतक्यांना धीर दिला, तर त्याचं काय करावं, हे मला कळेनासं झालं. मी ते तसंच ठेवलं.

मुलगी ती गोष्ट ऐकतच वाढली. सिस्टर तिला रस्त्यात लांबून हाक मारायच्या, "एकवीसशे, इकडे ये, दात दाखव." तिला ते बक्षिसासारखं वाटायचं. बायकोनं या सगळ्या वर्षांत मला एका शब्दानं बोल लावला नाही. आम्ही दोघं त्या विषयाला वळसा घालून जगलो, घरातल्या एखाद्या तुटक्या फरशीवर पाय न देता चालावं तसं.

मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे. लोअर परळला एका कंपनीत काम करते, लग्न होऊन दादरला राहते. दोन वर्षांपूर्वी, इतक्या लहान वयात, तिला साखर निघाली. आणि आता तिला सहावा महिना आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळाची वाढ थोडी मागे आहे, दर दोन-तीन तासांनी खायला हवं. पण ती साखर मोजायच्या मशीनवर आकडा बघते, घाबरते आणि दुपारचं जेवण सोडते. तिच्या आईनं समजावलं तेव्हा ती हसून म्हणाली, "आई, तू सगळं खाल्लंस तरी मी एकवीसशे. खाण्यावर कुठे असतं काही?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत प्रथमच असं बघितलं.

मी दुसऱ्या दिवशी माहीमला गेलो. सिस्टर आता ऐंशीच्या पुढे आहेत, भाचीकडे असतात. खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, पायांत तेच पांढरे बूट, घरातही. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "चोवीसशे." मग भाचीला सांगितलं, याला साखरेचा चहा देऊ नकोस.

मी सगळं सांगितलं. नवसापासून बायकोनं सोडलेल्या त्या नळापर्यंत, आणि पोरीची आताची साखरही. त्या खिडकीबाहेरच्या खाडीकडे बघत ऐकत होत्या. झाल्यावर त्यांनी भाचीला पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली, वही काढायला लावली, चष्मा मागितला. पान सापडायला बराच वेळ लागला. लाल प्रश्नचिन्ह फिकं झालं होतं.

"खोड ते," त्या म्हणाल्या. "आणि खरं लिही."

मी लिहिलं, 'दिवसा उपाशी.'

"नवरा खोटं बोलला. तेही लिही."

तेही लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"या एका पानापायी मी स्वतःवरच संशय घेतला रे," त्या म्हणाल्या. "वाटायचं, आपण इतक्या बायकांना जे सांगतो ते खोटं तर नाही?"

मी खाली मान घालून माफी मागितली. त्यांनी हात झटकला.

"आता ऐक. सगळं त्या उपासावर घालू नकोस. तुझी बायको आधीच अशक्त. अंगात रक्त नाही, दोनदा पोट पडलेलं, उंची एवढीशी. दुपारी जेवली असती तर तीन किलोची झाली असती, असं मी लिहून देणार नाही. आणि पोरीची साखर? तुलाही आहे ना? तीही कुठून तरी येतेच. शक्यता असते बाबा, कमी नाहीतर जास्त. सगळं पाप एकट्यानं घ्यायला तू तेवढा मोठा नाहीस."

मला हलकं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मी विचारलं, मग तिला सांगून काय होणार, उगाच मन दुखेल.

"ती आता दुपारी काय खाते?"

"काही नाही."

"मग?" सिस्टर म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळल्या.

रविवारी मुलगी आमच्याकडे आली. चाळ पाडून त्याच जागी झालेल्या इमारतीत आम्ही आता नवव्या मजल्यावर राहतो. तिनं पर्स टेबलावर ठेवली, मशीन काढलं, बोट टोचलं, आकडा बघितला आणि म्हणाली, मला आता जेवण नको, तुम्ही बसा.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखं. तुझी आई दुपारी जेवत नव्हती. नवस मी बोललो होतो. सिस्टरना मी खोटं सांगितलं, आणि सिस्टरनी तुला जे सांगितलं ते त्यामुळे खोटं होतं. सिस्टर म्हणतात की तेवढ्यानंच सगळं झालं असं नाही. पण तू त्या गोष्टीच्या भरवशावर उपाशी राहू नकोस.

बायको गॅसपाशी फुलके करत होती. तिचा हात थांबला. तव्यावरचा फुलका करपला तरी तिनं तो काढला नाही.

मला वाटलं, मुलगी ओरडेल. मी त्याची तयारी करून ठेवली होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं मशीन बंद करून बाजूला सरकवलं. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, तुला भूक लागायची?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. काय खाल्लंस, हे सिस्टर विचारायच्या. कधी जेवायचं, हे माझी आई ठरवायची. मी तर काहीच विचारलं नव्हतं.

"लागायची की," बायको म्हणाली. तिनं करपलेला फुलका बाजूला ठेवला. "चारच्या सुमाराला फार. शेजारी पोह्यांची फोडणी पडायची ना तेव्हा. मग मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे, वास येऊ नये म्हणून." तिनं गॅस बारीक केला. "तू त्या वेळी अजिबात हलायची नाहीस. मला वाटायचं, गुणाचं पोर आहे, आईला त्रास देत नाही."

मुलीनं खुर्ची टेबलाशी ओढली. "वाढा बाबा," ती म्हणाली. "आणि आईचं पण आत्ताच वाढा."

मी दोन ताटं वाढली. सिस्टरसारखा दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसलो. मुलगी सावकाश, औषध घ्यावं तशी जेवत होती. दोन घासांमध्ये डोळे त्या मशीनकडे जात होते. दोन तासांनी पुन्हा बोट टोचायचं होतं, आणि तो आकडा काय येईल हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या फुलक्याला तिचा हात मध्येच थांबला. बायकोनं घाबरून विचारलं, काय झालं. मुलीनं आईचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

मला कुणी बोलावलं नाही. मी उठलो, डाळीची वाटी भरली आणि बायकोच्या ताटाशेजारी ठेवली.